आदितीचं पारणं

आमच्या शेजारच्या त्रिशलावहिनींना मी कधी घाईत पाहिलेलं नाही. त्या सावकाश चालतात, सावकाश बोलतात आणि जिना चढताना मध्ये एकदा थांबून वरच्या माणसाला "आलो, आलो" म्हणून सांगतात; आमच्याकडं बायकाही 'आलो', 'जातो'च म्हणतात. अशा बाईच्या पोटी आदितीसारखी पळणारी पोरगी आलीच कशी, असं मी चारचौघांत गमतीनं म्हणायचे. त्याही हसायच्या. मी खेळाची बाई. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिट्टी फुंकली, निवृत्त झाले तरी सकाळी सात-आठ पोरींना रंकाळ्याला घेऊन पळवते. माणसाचं शरीर आपल्याला कळतं, असा माझा मोठा गैरसमज होता.

आमची दारं समोरासमोर. ते जैन, शिरोळकडचे पाटील. सासरे आप्पासो, वहिनींचे 'मामा', गावाकडं ऊस बघतात. नवरा सम्मेद कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं म्हणून हा माणूस कंपनीच्या बसमधून उतरला की चपला घासत पळतच घरी येतो. आम्ही मराठे. रविवारी आमच्याकडं मटण शिजायला लागलं की वहिनी एक शब्द न बोलता त्यांची खिडकी लावून घेतात, आणि सोमवारी एक शब्द न बोलता आमटीची वाटी घेऊन येतात. कांदा नाही, लसूण नाही, तरी त्या आमटीला जी चव असते ती माझ्या हाताला अजून आलेली नाही. शेजार असा असावा. बावीस वर्षांत आमचं एकदाच वाजलं, आणि ते आदितीवरून.

आधी वहिनींच्या मनातल्या एका सलाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व असतं. बरेचजण त्या दिवसांत एकवेळ जेवतात. काहीजण मात्र दहाही दिवस उपवास धरतात. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बाकी काही नाही. दहा दिवस पुरे झाले की पारणं. समाजाच्या देखत उपवास सोडायचा, घरचे आणि पावणे एकेक चमचा भरवतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नव्या सूनबाईंनी हौसेनं दहा उपवास धरले आणि चौथ्या दिवशी बस्तीतच, म्हणजे त्यांच्या मंदिरात, चक्कर येऊन पडल्या. उसाचा रस पाजून शुद्धीवर आणलं. "पाटलांच्या सुनेला झेपलं न्हाई," असं कुणीतरी चुलतसासू म्हणाली. ती चुलतसासू मरून दहा वर्षं झाली, पण ते वाक्य वहिनींच्या घरात अजून जेवायला बसतं.

आता आदिती. सतरा वर्षांची, बारावीत. तीन हजार मीटर पळते. पळते म्हणावं की पळायची म्हणावं, मला अजून ठरवता येत नाही. गेल्या हिवाळ्यात विभागीय स्पर्धेत तिचा चौथा नंबर आला. तिसरीच्या आणि हिच्यामध्ये दोन पावलांचं अंतर. कुणीतरी त्या शर्यतीचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला आणि खाली कुण्या शहाण्यानं लिहिलं, "चौथी पळाल्या का लोळाल्या?" पोरीनं ते मला दाखवलं. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "त्याला कशाला भाव देतीस? पण खरं सांगू का, मागनं जड दिसतीस. जरा उतर, मग बघ कशी उडतीस."

हे वाक्य मी आयुष्यात शंभर पोरींना सांगितलं असेल. माझ्या गुरुजींनी मला सांगितलं होतं, मी पुढं दिलं. त्यातल्या कितीजणींनी ते घरी नेलं आणि ताटावर ठेवलं, हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता राग येतो तो स्वतःचाच, आणि तो शिट्टीत फुंकता येत नाही.

आदिती उतरली. सुरुवातीला वेळही चांगली यायला लागली आणि मी मूर्खासारखी बाकीच्या पोरींना तिच्याकडं बोट दाखवायला लागले. "बघा, जिद्द म्हणजे काय ते बघा." घरात तिनं आधी साखर सोडली. मग तूप. मग तेलातलं, मग भात. दुसऱ्या कुठल्या घरात आईनं लाटणं घेऊन विचारलं असतं, का गं खात नाहीस म्हणून. इथं उलटं झालं. एकेक जिन्नस सोडायची त्यांच्यात रीत आहे, चातुर्मासात तर हमखास, आणि जो सोडतो त्याला मान आहे. "आई, मी आजपासनं गोड सोडलं," असं पोरगी म्हणाली की वहिनींचे हात आपोआप जोडले जायचे. संध्याकाळी जेवणाआधी दिवस मावळला की आदिती जेवायचीच नाही, आणि तिचा क्लास नेमका दिवस मावळल्यावर सुटायचा. कुणाला संशय येणार? वहिनी मला कौतुकानं सांगायच्या, "पोरीला धर्माची गोडी लागल्या, बाई. आमाला जे जमलं न्हाई ते ती कराल्या."

श्रावणात तिच्या नडगीत दुखायला लागलं. मी तेल चोळायला सांगितलं. ती पायऱ्या उतरताना कठडा धरायची, उन्हातसुद्धा जर्किन काढायची नाही. वेळ परत घसरायला लागली होती. मी म्हणाले, परीक्षेचं टेन्शन असेल. माझ्यासारखी आंधळी बाई शोधून सापडायची नाही.

पर्व सुरू व्हायच्या आदल्या दिवशी वहिनी आमच्याकडं आल्या. मी जेवत होते. त्यांचा चेहरा असा उजळला होता की मीच विचारलं, काय विशेष? त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आदिती दहाचे दहा उपवास धरणार हाय. आणि देवानंच मनावर घेतलंय बघा. सात महिनं झालं, पोरगी बाजूला बसलेली न्हाई. दहा दिवस अखंड पूजेला बसाय मिळणार तिला, एक दिवसबी मोडायचा न्हाई."

त्यांच्या घरी पाळीचे चार दिवस बाई स्वयंपाकघरात येत नाही, बस्तीत जात नाही. ते दिवस चुकले की पूजा अखंड होते. सतरा वर्षांच्या पोरीची पाळी सात महिने बंद आहे, आणि आई त्याला देवाची कृपा म्हणते आहे. मी ताट बाजूला सारलं. एकदा एका शिबिरात एका डॉक्टरबाईंनी आम्हा खेळाच्या शिक्षकांना सांगितलं होतं की पळणाऱ्या मुलीची पाळी थांबली म्हणजे शरीर उपाशी आहे, ते आधी गरजेचं नसलेलं बंद करतं, मग हाडं खायला घेतं. तेव्हा मी मागच्या बाकावर बसून वहीत शर्यतींच्या तारखा लिहीत होते. स्पर्धेच्या वेळी पाळी नसली तर बरंच की, असं मीही पोरींना हसून म्हटलेलं आहे.

तरी मी गप्प बसले. हे कबूल केल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. मटण खाणाऱ्या बाईनं जैनांच्या उपवासात तोंड कशाला घालायचं, दहा दिवस होऊ देत, मग बोलू, असं मी स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात आदिती भेटली. मी विचारलं, "निवड चाचणी महिन्यावर आली. दहा दिवस उपाशी राहून पळणार कशी?" ती म्हणाली, "बाई, हलकी होऊन येतो."

हलकी. देवाचं नाव नाही, आत्म्याचं नाही, आजोबांचं नाही. मी तिला वाट करून दिली.

ते दहा दिवस कोल्हापुरात गणपतीचे. बाहेर मंडळांचे ढोल, आणि समोरच्या दारात शांतता. वहिनी पहाटे पाणी उकळून गार करत, लेकीला पांढऱ्या साडीत बस्तीत नेत, परत आणत. जाताना-येताना बायका आदितीच्या पाया पडायच्या. तिच्या आजीच्या वयाच्या बायका. वहिनी तिच्याकडं बघत राहायच्या. इतक्या आनंदात मी त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं.

आठव्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. कोल्हापुरात वाढदिवसाचा लागतो, निवडीचा लागतो, तसा हा उपवासाचा. गणपती मंडळांच्या फ्लेक्सच्या रांगेतच, "कु. आदिती सम्मेद पाटील हिचे हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुक म्हणून आप्पासोंसकट पंधरा नावं आणि वर हिचा मोठा फोटो. मी भाजी घेऊन येत होते तर ही त्या फ्लेक्ससमोर उभी. आठ दिवस पोटात अन्न नाही, हातानं खांब धरलेला. मला वाटलं, कौतुक बघते आहे. जवळ गेले तर डोळ्यांत पाणी.

"बाई, हा गेल्या वर्षीचा फोटो हाय," ती म्हणाली. "गाल बघा केवढं दिसाल्यात. काढाय सांगा की कुणाला तर. समदी बघाल्यात."

भाजीची पिशवी मी तिथंच कट्ट्यावर ठेवली आणि तिला धरून वर आणलं. आणि मग मी वहिनींच्या दारात उभी राहून आठ दिवसांपूर्वी बोलायचं ते बोलले.

"वहिनी, हा उपवास देवाचा न्हाई. हिला बारीक व्हायचंय. मीच सांगितलंतं तिला, उतर म्हणून. सगळं तिथनं सुरू झालंय."

वहिनींनी पदर सावरला. "बाई, तुमच्यात उपवास म्हंजे साबुदाण्याची खिचडी. तुमाला ह्यातलं कळायचं न्हाई."

"उपवासातलं न्हाई कळत. पोरीच्या अंगातलं कळतंय. पाळी गेल्या तिची, वहिनी. ती कृपा न्हाई. अंगात काय उरलं न्हाई की पैलं तेच जातंय. आज सोडवा उपवास."

"आज?" त्यांचा आवाज चढला. तो चढतो हे मला तेव्हा कळलं. "दोन दिवस ऱ्हायल्यात. मामा गावोगावच्या पावण्यांस्नी सांगून बसल्यात. आणि तुमी आज येऊन सांगालाय? तुमी तिला पळवलासा, तुमी तिला उतर म्हणालासा, ते चाललं. देवासाठी उपाशी ऱ्हायली तर वाईट?"

 त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, सावकाश लावलं. दोन दिवस ते माझ्यासाठी उघडलं नाही. मी सम्मेदला फोन केला, तो म्हणाला, "बाई, घरात मी हे काढलं तर आप्पा घरात पाय ठेवणार न्हाईत." त्यालाही दिसत होतं, एवढंच मला त्यातून समजलं.

पारणं अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. आमच्याकडची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते, त्यामुळं रस्ते बंद, आणि बस्तीशेजारच्या सभागृहाच्या भिंती बाहेरच्या आवाजानं थरथरत होत्या. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी गेले आणि मागं उभी राहिले. समोर पाटांवर पाचजण बसले होते, चार वयस्क आणि आदिती. आप्पासो फेटा बांधून पहिल्या रांगेत. बस्तीचे पुजारी, उपाध्ये, एकेकापुढं येत होते, मंत्र म्हणत होते, घरचे मुगाचं पाणी चमच्यानं पाजत होते. एका म्हाताऱ्या काकांनी पहिला घोट घेतला आणि डोळे मिटून असे समाधानानं हसले की मलाही बरं वाटलं. उपवास असा असतो, म्हणजे सुटतो.

आदितीचा नंबर आला. वहिनींनी वाटीतून चमचा भरला, तिच्या ओठांपर्यंत नेला. ओठ उघडले नाहीत.

"घे," वहिनी म्हणाल्या.

"मी आणि एक दिवस करतो," आदिती म्हणाली.

हे माइकजवळच्या माणसानं ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं. टाळ्या सुरू झाल्या. "धन्य ती माता," असं कुणीतरी ओरडलं आणि जयजयकार झाला. खरं ते लिहिते: क्षणभर वहिनींचा चेहरा फुलला. बावीस वर्षांपूर्वीचं सगळं त्या एका क्षणात फिटलं असणार. मग त्यांनी लाडानं पुन्हा चमचा पुढं केला आणि आदितीनं मान फिरवली. नुसती फिरवली नाही, ती मागं सरकली, विंचू दिसल्यावर माणूस सरकतो तशी. वहिनी खाली वाकल्या. मी तोवर पुढं घुसले होते, म्हणून मलाही ऐकू आलं.

"नको गं आई. मला खायची भीती वाटाल्या."

वहिनींनी वाटी खाली ठेवली. टाळ्या अजून चालू होत्या. त्या उभ्या राहिल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "टाळ्या वाजवू नगासा." पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, आणि सभागृह गप्प झालं. बाहेरचा डॉल्बी तेवढा चालू.

सासऱ्यांसमोर या बाईनं बावीस वर्षांत डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता. आता दोनशे माणसांत, पुरुषांत, त्यांच्याकडं तोंड करून म्हणाल्या, "मामा, सात महिनं झालं पोरीची पाळी बंद हाय. मी त्याला देवाची कृपा समजालतो. ही उपवास करत न्हाई. ही आजारी हाय. मी हिला दवाखान्यात नेतो."

 उपाध्येच पहिल्यांदा बोलले, हळू आवाजात. "व्रत कालच पुरं झालं बाई. पारण्याच्या पुढं उपवास नसतो. न्या तिला." आप्पासो खाली बघत बसले होते. मग फेटा काढून मांडीवर ठेवला आणि सम्मेदला म्हणाले, "हुबा काय ऱ्हायलाईस, धर की तिला."

रिक्षा मिळणार नव्हती. आम्ही चालत निघालो, एका बाजूला सम्मेद, एका बाजूला वहिनी, मागं मी. गुलालात, ढोलांत, नाचणाऱ्या पोरांच्या मधून. लोकांना वाटलं, गर्दीत कुणाला तरी चक्कर आली. वहिनी अनवाणी होत्या, ते दवाखान्यात पोचल्यावर लक्षात आलं.

हृदयाचे ठोके फार मंद होते. दाखल करून घेतलं. डॉक्टर पूर्णिमा म्हणून आहेत, त्यांनी सगळ्यांना बाहेर बसवून बजावलं की घाईनं खाऊ घालायचं नाही, इतक्या उपाशी शरीराला एकदम अन्न दिलं तर तेही जिवावर बेततं. आणि हे नुसतं पोटाचं दुखणं नाही, मनाचंही आहे, वर्ष लागेल, दोन लागतील. नडगीचं हाड चिरलेलं निघालं. मी त्यावर तेल चोळायला लावलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या बाकीच्या सात पोरींना रंकाळ्याच्या कट्ट्यावर बसवलं आणि सरळ विचारलं. लाजल्या, एकमेकींकडं बघायला लागल्या. मग दोघी म्हणाल्या की त्यांचीही थांबली आहे. एकीची चार महिने, एकीला आठवतच नव्हतं. मी त्यांच्या आयांना भेटले आणि मी काय बोलत आले ते सांगितलं. एक आई भांडली. बरोबर होतं तिचं.

आता जानेवारी आहे. आदिती घरी आहे, कॉलेजला जाते, पळत नाही. काही दिवस जेवते. काही दिवस ताटापुढं बसून राहते आणि भात बोटानं कडेला सारत राहते. आमच्यातलं भांडण कधी मिटलं ते आम्हाला दोघींनाही सांगता येणार नाही.

परवा दोघी डॉक्टरांकडून परत आल्या. आदिती आत गेली आणि वहिनी जिन्यातच पायरीवर बसल्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी तिला इचारलं, ह्या वर्षात तुला समद्यात बरं कवा वाटलं? मला वाटलं, सांगंल शर्यतीचं कायतरी."

"मग?"

"म्हणाली, त्या दहा दिवसांत. आई माझ्याकडं बघत बसायची."

वहिनी माझ्याकडं वळल्या.

"बाई, मी आदी बघत नव्हतो व्हय तिच्याकडं?"

त्या खरंच विचारत होत्या. त्यांना उत्तर हवं होतं. ऊन उतरायला लागलं होतं, त्यांची जेवणाची वेळ झाली होती. त्या कठडा धरून उठल्या आणि पोरीला वाढायला आत गेल्या.